आवाजाचा धनी कोण?

नभोवाणीवरून बोलणारा माणूस श्रोत्यांना दिसत नाहीं. त्याचा चेहरा, पोशाख, बसण्याची ढब यांपैकीं कांहींच त्यांच्यापर्यंत पोंचत नाहीं. पोंचतो तो केवळ आवाज. असें असूनहि चार दिवस ऐकणारा श्रोता पांचव्या दिवशीं पहिल्या दोन शब्दांतच ओळखतो कीं, आज अमुक गृहस्थ बोलत आहेत. अंधारांतून हांक मारणारी आई लेंकराला न पाहतां कळते, तशांतलाच हा प्रकार. जी वस्तु माणसाची इतकी पुरती ओळख पटविते, ती कायद्याच्या दृष्टीनें त्या माणसाच्या मालकीची आहे कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. ज्याचा कंठ त्याचा आवाज, यांत विचारावयाचें तें काय? परंतु अलीकडच्या कांहीं वर्षांत याच प्रश्नानें मुंबई, दिल्ली, न्यूयॉर्क येथील न्यायाधीशांना विचार करावयास लावलें आहे, आणि त्याचें उत्तर दिसतें तितकें सरळ निघालेलें नाहीं.

हा प्रश्न निर्माण कां झाला, हें समजण्यास थोडें मागें जावें लागेल. १८७७ सालीं एडिसननें फोनोग्राफ तयार केला, त्यापूर्वीं माणसाचा आवाज त्याच्यापासून वेगळा काढून पुन्हां ऐकवितां येत नव्हता. शब्द लिहून ठेवतां येत, स्वरांची लिपि करतां येई. पण कंठ माणसाबरोबर येई आणि माणसाबरोबर जाई. फोनोग्राफनें ही जोडी प्रथम फोडली. भारतांत १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान या प्रसिद्ध गायिकेच्या ध्वनिमुद्रिका घेण्यांत आल्या. त्या मुद्रिकांच्या शेवटीं एक गंमत ऐकूं येते. गाणें संपतांच गायिका इंग्रजींत आपलें नांव उच्चारते. मुद्रिका तयार होण्यासाठीं जर्मनींत हॅनोव्हर येथें जात, आणि कोणतें गाणें कोणाचें हें तेथील कारागिरांना कळावें म्हणून ही योजना होती. आवाजाबरोबर आवाजाच्या धनिणीचें नांव तिच्याच तोंडून पाठविण्याची ही पद्धत कितीहि भोळी वाटली, तरी तिच्यांत एक प्रामाणिकपणा होता.

शिवाय ध्वनिमुद्रिका कोणाचा आवाज घडवीत नसे. एकदां झालेलें गाणें ती पुन:पुन्हां ऐकवी, इतकेंच. गायिकेनें जें कधीं गाइलें नाहीं, तें तिच्या मुद्रिकेंतून निघणें शक्य नव्हतें. आजच्या यंत्राला तें शक्य झालें आहे, आणि सगळ्या तंट्याचें मूळ तेथें आहे.

आवाज म्हणजे काय, हें शाळेंतल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकांतहि सांगितलेलें असतें. फुप्फुसांतून वर येणारी हवा कंठांतील स्वरतंतूंना कंप देते. तो कंप घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्यांत घुमतो. आणि जीभ, टाळू व ओठ त्याला वर्णांचा आकार देतात. प्रत्येकाच्या या पोकळ्यांची घडण निराळी. म्हणून दोघांनीं एकाच पट्टींत 'सा' लावला, तरी ऐकणाराला ते दोन वेगळे कंठ आहेत हें तत्काळ कळतें. स्वराची उंची तीच, पण त्याची जात निराळी. ही जात म्हणजे मूळ कंपाबरोबर उठणाऱ्या अनेक बारीक कंपांचें परस्परांशीं असलेलें प्रमाण होय. आणि प्रमाण म्हटलें कीं तें आंकड्यांत मांडतां येतें. ज्यांना 'कृत्रिम बुद्धि' असें नांव पडलें आहे, त्या संगणकांना प्रथम हजारों माणसांचें बोलणें ऐकविण्यांत येतें. त्यावरून शब्द कसा उच्चारला जातो, वाक्याच्या शेवटीं सूर कसा उतरतो, श्वास कोठें घेतला जातो, याचें सर्वसाधारण गणित यंत्र बसवितें. नंतर एका विशिष्ट माणसाच्या बोलण्याचा नमुना मिळाला कीं, त्या गणितांत त्याच्या कंठाचे आंकडे घालून तें हवें तें वाक्य त्याच्या आवाजांत बोलतें. जानेवारी २०२३ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं अशी एक पद्धत जाहीर केली. तिला तीन सेकंदांचा नमुना पुरतो असें त्यांनीं सांगितलें. तीन सेकंद म्हणजे दूरध्वनी उचलून "हॅलो, कोण बोलतंय?" एवढें म्हणावयास लागणारा वेळ.

आतां कायद्याकडे वळावें. भारतांत या विषयावरचा मुख्य कायदा म्हणजे १९५७ चा कॉपीराइट कायदा. कॉपीराइटला मराठींत स्वामित्वहक्क म्हणतात. एकाद्या भावगीताचें उदाहरण घेतलें म्हणजे त्याची रचना समजते. गीताचे शब्द कवीचे. त्यांना वाङ्मय म्हणून संरक्षण. चाल संगीतकाराची, तिला संगीतकृति म्हणून संरक्षण. ज्या कंपनीनें पैसा घालून ध्वनिमुद्रण केलें, तिचा त्या मुद्रणावर हक्क. राहतां राहिली गाणारी व्यक्ति, आणि मूळ कायद्यांत तिला कोठेंच जागा नव्हती! ज्या गळ्यासाठीं लोक मुद्रिका विकत घेत, त्या गळ्याच्या धन्याची दखल घेण्यास कायद्याला ३७ वर्षें लागलीं. १९९४ च्या दुरुस्तीनें कला सादर करणाराला स्वत:च्या प्रयोगावर हक्क मिळाला. हा सादर करणारा कोण, याची कायद्यांतील व्याख्या मोठी मौजेची आहे. तींत नट, गायक, वादक, नर्तक यांच्या बरोबरीनें कसरतपटू, जादूगार, साप खेळविणारा गारुडी आणि व्याख्यान देणारा अशा सर्वांची गणना केली आहे. गारुडी व व्याख्याता यांना एका पंगतीस बसविण्यांत कायदेमंडळाचा विनोदी हेतु नसावा. पण दोघांचाहि प्रयोग श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष होतो, हें साम्य त्यानें अचूक हेरलें. २०१२ च्या दुरुस्तीनें आणखी एक पाऊल पुढें टाकलें. आपल्या प्रयोगाची मोडतोड करून कोणी तो आपल्या लौकिकाला बाध येईल अशा रूपांत मांडला, तर हरकत घेण्याचा अधिकार कलावंताला मिळाला.

हें सर्व ठीकच झालें. पण या साऱ्या हक्कांचा आधार 'प्रयोग' हा आहे. कोणीतरी, केव्हांतरी, प्रत्यक्ष गाइलेलें असलें पाहिजे. यंत्रानें एकाद्या गायिकेच्या आवाजांत अगदीं नवें गाणें तयार केलें, तर तेथें प्रयोग कोणाचा झाला? शब्द नवे, चाल नवी, मुद्रण नवें. त्यांपैकीं कशावरहि तिचा हक्क नाहीं. यंत्राला शिकवितांना तिच्या जुन्या मुद्रिका वापरल्या, असा आक्षेप घेतां येईल. परंतु तो मुख्यत: मुद्रिकेच्या मालकाचा आक्षेप होय, आणि मालक बहुधा कंपनी असते. गायिकेचें जें उचललें गेलें तो नुसता कंठ, आणि कायद्यानें केलेल्या यादींत शब्द आहेत, सूर आहेत, मुद्रण आहे, प्रयोग आहे. कंठ मात्र नाहीं.

ही उणीव प्रथम चव्हाट्यावर आली ती अमेरिकेंत, आणि त्या वेळीं आवाजाची नक्कल करणारें यंत्र नव्हतें, माणूसच होता. १९८५ सालीं फोर्ड कंपनीच्या मोटारीची जाहिरात करणाऱ्या संस्थेनें बेट मिडलर या नांवाजलेल्या गायिकेला तिचें एक जुनें गाणें म्हणण्याविषयीं तिच्या व्यवस्थापकामार्फत विचारलें. नकार आला. तेव्हां संस्थेनें काय केलें? मिडलरच्या मागें अनेक वर्षें साथ केलेली एक गायिका गांठली आणि मूळ मुद्रिकेसारखें हुबेहूब म्हणावयास तिला सांगितलें. तिनें तें इतकें बेमालूम म्हटलें कीं, मिडलरच्या ओळखीच्या माणसांनाहि तीच गात आहे असें वाटलें. गाण्याच्या मालकाची परवानगी संस्थेनें रीतसर घेतली होती. जाहिरातींत मिडलरचें नांव नव्हतें, चित्र नव्हतें. मग अपराध तो कोणता? खालच्या कोर्टानें तिच्या विरुद्ध निर्णय दिला. १९८८ सालीं अपील कोर्टानें तो फिरविला. आवाज हा चेहऱ्याइतकाच ज्याचा त्याचा असतो आणि माल खपविण्यासाठीं तो जाणूनबुजून उचलणें म्हणजे त्या माणसाचें व्यक्तित्वच उचलणें होय, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढें ज्यूरीनें मिडलरला ४,००,००० डॉलर देवविले. मात्र न्यायाधीशांनीं या निकालाला एक कुंपण घातलें. आवाज वैशिष्ट्यपूर्ण हवा, तो धंदेवाईक गायकाचा व दूरवर माहीत झालेला हवा, आणि नक्कल माल विकण्यासाठीं मुद्दाम केलेली हवी, तरच ही दाद मिळावयाची. यांतील 'दूरवर माहीत झालेला' ही अट विसरून चालणार नाहीं. पुढच्या सगळ्या कथेंत ती या ना त्या रूपानें भेटते.

भारतांत आवाजाच्या मालकीचा असा स्वतंत्र कायदा नाहीं. न्यायालयांनीं तो हक्क खासगीपणाच्या हक्काच्या पोटांतून हळूहळू बाहेर काढला. १९९४ सालीं राजगोपाल खटल्यांत सुप्रीम कोर्टानें म्हटलें कीं, एकाद्याचें नांव किंवा छबी त्याच्या संमतीवांचून जाहिरातीसाठीं वापरणें हा त्याच्या खासगीपणाचा भंग होय. २०१७ सालीं नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. या पायावर दिल्ली हायकोर्टानें अमिताभ बच्चन यांना नोव्हेंबर २०२२ मध्यें व अनिल कपूर यांना सप्टेंबर २०२३ मध्यें मनाईहुकूम दिले. नांव, छबी व आवाज यांचा विनापरवानगी व्यापारी उपयोग त्यांनीं थांबविला. अनिल कपूर यांच्या हुकुमांत तर त्यांच्या तोंडीं रूढ झालेल्या 'झकास' या शब्दाचाहि विचार झाला. मराठी घरांत रोज दहा वेळां उच्चारला जाणारा शब्द कोर्टाच्या कागदांत जाऊन बसला, हें पाहून कोणालाहि हंसूं येईल. परंतु मुद्दा शब्दाचा नव्हता, विशिष्ट माणसाच्या विशिष्ट लकबीचा होता.

गळ्याचा प्रश्न निर्भेळ स्वरूपांत पुढें आला तो मुंबई हायकोर्टांत. गायक अरिजित सिंग यांनीं २०२४ सालीं दावा लावला. कोणीहि आपला आवाज द्यावा आणि तो अरिजित यांच्या आवाजांत बदलून घ्यावा, अशी सोय इंटरनेटवर सर्रास उपलब्ध झाली होती. या गायकानें अनेक वर्षें जाहिरातींपासून स्वत:ला कटाक्षानें दूर ठेवलें होतें, हेंहि कोर्टापुढें मांडण्यांत आलें. २६ जुलै २०२४ रोजीं न्यायमूर्ति छागला यांनीं अंतरिम मनाईहुकूम दिला. संमतीवांचून नामवंताच्या आवाजांत रूपांतर करून देणारें साधन लोकांच्या हातीं देणें हाच त्याच्या हक्काचा भंग होय, असें त्यांनीं म्हटलें. या वाक्याचा पल्ला मोठा आहे. नक्कल करणाराच नव्हे, तर नकलेचें हत्यार पुरविणाराहि त्याच्या कक्षेंत येतो. २९ सप्टेंबर २०२५ रोजीं आशा भोसले यांच्या दाव्यांत न्यायमूर्ति डॉक्टर यांनीं याच दिशेनें हुकूम दिला. त्यांत एका अमेरिकी कंपनीच्या आवाज बनविणाऱ्या यंत्राविरुद्ध तक्रार होती. आशाबाईंच्या गळ्यावर मराठी माणसाच्या तीन पिढ्या वाढल्या. त्या गळ्यांतून कोणा अनोळखी माणसानें लिहिलेलें वाटेल तें गाणें बाहेर पडावें, ही कल्पनाच ऐकणाराला अस्वस्थ करते. तरीहि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे दोन्ही हुकूम अंतरिम स्वरूपाचे होते. एका बाजूचें म्हणणें सकृद्दर्शनीं पटल्यावरून आणि विलंबानें नुकसान होईल म्हणून असे हुकूम दिले जातात. संपूर्ण पुरावा व उलटतपासणी होऊन कायदा कायमचा ठरला, असा त्यांचा अर्थ होत नाहीं.

येथें संगीताचा जाणकार एक शंका घेईल, आणि ती घेण्याजोगीच आहे. आपल्या संगीताची सगळी परंपराच अनुकरणावर उभी आहे. शिष्य गुरूसमोर बसून वर्षानुवर्षें त्याचा स्वर, त्याची फेंक, त्याचा खर्जसुद्धां उचलतो. घराणें म्हणतात तें हेंच. बालगंधर्वांचा गळा कानांत सांठवून किती गायक-गायिका घडल्या याची गणती नाहीं. कुमार गंधर्व तर लहानपणीं मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवीत, आणि त्या बालकाला चोर म्हणण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. उलट लोक थक्क होऊन ऐकत. बहुरूपी आणि नकलाकार यांचा तर धंदाच दुसऱ्याच्या आवाजाचा. मग यंत्रालाच दोष कां?

या शंकेचें एक उत्तर असें कीं, त्या बालकानें दुसऱ्याचें गाणें स्वत:च्याच कोंवळ्या गळ्यांतून काढलें होतें, आणि गाणारा कोण हें सभागृहांतील प्रत्येकाला दिसत होतें. नकलाकाराच्या नकलेंतली मजाच मुळीं तो मूळ माणूस नव्हे हें ठाऊक असण्यांत असते. यंत्राच्या नकलेंत हा पडदा उरत नाहीं. ती फसली तरच तिला किंमत नसते. दुसरें उत्तर मेहनतीचें. एका गळ्याचें अनुकरण साधावयास माणसाला अर्धें आयुष्य लागतें, म्हणून असे अनुकरणकार थोडे व त्यांच्यापासून मूळ गायकाच्या पोटाला धोकाहि थोडा. यंत्र हें काम क्षणांत, फुकट आणि लाखो वेळां करतें. तथापि शंकेंतला अंश खरा आहेच. विडंबन, टीका, बातमी, विनोद यांनाहि नामवंतांच्या नांवाचा व लकबींचा उपयोग करावा लागतो. एप्रिल २०२३ मध्यें दिल्ली हायकोर्टानेंच क्रिकेटपटूंच्या नांवांसंबंधींच्या एका वादांत असा उपयोग भाषणस्वातंत्र्यांत येतो, असें सांगून मनाईहुकूम नाकारला होता. प्रत्येक नकलाकाराला कोर्टाची पायरी चढावयास लावणारा कायदा कोणालाच नको आहे.

परंतु या साऱ्या चर्चेंत ज्याच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं, असा एक माणूस आहे. तो म्हणजे प्रसिद्ध नसलेला माणूस. बच्चन, कपूर, अरिजित सिंग, आशा भोसले यांच्या हुकुमांत वादी किती नामवंत आहे, हें आरंभींच नमूद झालेलें आढळतें. दाव्याची इमारतच कीर्तीच्या पायावर उभी. मिडलरच्या निकालांतलें कुंपण तें हेंच. मग रेल्वे फलाटावर गाड्यांची घोषणा करणारी बाई, परभाषेंतील चित्रपटांना आवाज देणारा कलावंत, पाठ्यपुस्तकांचें वाचन करून देणारा शिक्षक यांचें काय? त्यांचा आवाज लाखो लोक ऐकतात, पण नांव कोणाला ठाऊक नसतें. कीर्ति नाहीं, म्हणून कीर्तीची चोरी नाहीं; असें म्हटलें कीं त्यांच्यापुढें दार बंद.

हें दार उघडतां येतें, याचा दाखला शंभर वर्षांपूर्वींच्या न्यूयॉर्क संस्थानांत सांपडतो, आणि तो आवाजाचा नसून पिठाच्या जाहिरातीचा आहे. एका गिरणीनें आपल्या पिठाच्या जाहिरातीसाठीं एका साध्यासुध्या घरांतील तरुण मुलीचें चित्र तिला न विचारतां २५,००० प्रतींत छापलें, आणि तीं चित्रें दुकानांत, वखारींत, दारूच्या गुत्त्यांतसुद्धां लागलीं. मुलगी प्रसिद्ध नव्हती, अभिनेत्री नव्हती. ओळखीच्या लोकांनीं चित्र ओळखलें, थट्टा झाली, तिनें अंथरूण धरलें. तिनें दावा केला. १९०२ सालीं तेथील वरिष्ठ कोर्टानें चार विरुद्ध तीन मतांनीं तो फेटाळला. असा कोणताहि हक्क कायद्याला ठाऊक नाहीं, असें कोर्टानें म्हटलें. लोकमत खवळलें. १९०३ सालीं कायदेमंडळानें नवा कायदा केला, आणि कोणत्याहि जिवंत व्यक्तीचें नांव किंवा चित्र तिच्या लेखी संमतीवांचून जाहिरातीसाठीं वा व्यापारासाठीं वापरण्यास बंदी केली. 'कोणत्याहि' हा शब्द त्यांत महत्त्वाचा. पुढें त्याच कायद्यांत आवाजहि घालण्यांत आला.

त्या जुन्या कायद्याचा उपयोग अगदीं परवां झाला. एका जोडप्याचा धंदा जाहिरातींना व पुस्तकांना आवाज देण्याचा. इंटरनेटवरच्या बाजारांतून त्यांना निरनिराळें काम आलें. एकाला १,२०० डॉलर व दुसरीला ४०० डॉलर मिळाले. आवाज संशोधनासाठीं किंवा अंतर्गत चांचणीसाठीं हवा, असें त्यांना सांगण्यांत आल्याचें त्यांचें म्हणणें आहे. पुढें केव्हांतरी, त्यांनीं कधींहि न उच्चारलेलीं वाक्यें त्यांच्याच आवाजांत त्यांच्या कानीं पडलीं. एक कंपनी त्यांचे आवाज बनावट नांवांनीं भाड्यानें देत होती, असा त्यांचा आरोप. जुलै २०२५ मध्यें न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानें प्राथमिक निर्णय दिला. आवाज हा स्वत: कॉपीराइटचा विषय होऊं शकत नाहीं, हें कोर्टानें निक्षून सांगितलें; परंतु १९०३ पासून चालत आलेल्या कायद्याखालचा दावा पुढें चालूं दिला. पिठाच्या जाहिरातीवरच्या त्या मुलीनें हरलेला दावा अशा रीतीनें सव्वाशें वर्षांनीं दोन अप्रसिद्ध माणसांच्या कामीं आला. अमेरिकेंतल्याच टेनेसी संस्थानानें मार्च २०२४ मध्यें एल्व्हिस प्रेस्ली या गायकाच्या नांवावरून ओळखला जाणारा कायदा करून प्रत्येक व्यक्तीच्या आवाजाला मालमत्तेचें संरक्षण दिलें. तो १ जुलै २०२४ पासून अमलांत आला. डेन्मार्कच्या सरकारनें २०२५ सालीं आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांतच प्रत्येक नागरिकाच्या चेहऱ्याला व आवाजाला स्थान देण्याचा विचार जाहीर केला.

भारतांतील सामान्य माणसाला मुळींच संरक्षण नाहीं, असें मात्र नव्हे. त्याचा आवाज बनवून कोणी त्याच्या आईला दूरध्वनी केला आणि "अपघात झाला, पैसे पाठव" असें सांगून लुबाडलें, तर तो फौजदारी गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें दुसऱ्याची ओळख चोरणें व संगणकाच्या साहाय्यानें तोतयेगिरी करून फसविणें या दोहोंना तीन वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. म्हणजे आवाजानें फसवणूक झाली तर कायदा धांवून येतो. पण फसवणूक न होतां नुसता आवाज वापरला गेला, एकाद्या साबणाच्या जाहिरातींत तो बोलूं लागला, तर? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीं २०२३ सालीं नवा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि त्याचीं कलमें टप्प्याटप्प्यानें अमलांत यावयाचीं असें ठरलें. परंतु जी माहिती माणसानें स्वत: होऊन सर्वांसाठीं खुली केली, ती या कायद्यानें वगळली आहे. ज्याचें पोट आवाजावर आहे त्याला आवाज खुला करावाच लागतो. ऐकविल्यावांचून काम कोण देणार? ज्याला कवचाची गरज अधिक, त्याच्याच अंगाला तें नेमकें बसत नाहीं. राजगोपाल खटल्याचा निकाल नामवंतांपुरता बोललेला नाहीं, हा एक आधार शिल्लक राहतो; पण त्यासाठीं हायकोर्टापर्यंत जाण्याची ऐपत लागते, आणि एका ओळीमागें मोजून पैसे मिळविणाऱ्या कलावंतापाशीं ती क्वचितच असते.

माणूस गेल्यावर आवाजाचें काय, याविषयींहि एकवाक्यता नाहीं. अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या वडिलांनीं लावलेल्या दाव्यांत दिल्ली हायकोर्टानें जुलै २०२३ मध्यें म्हटलें कीं, असे हक्क त्या व्यक्तीबरोबरच संपतात, ते वारसांकडे जात नाहींत. उलटपक्षीं ए. आर. रहमान यांनीं २०२४ च्या एका तमिळ चित्रपटांत शाहुल हमीद व बंबा बाक्या या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्रानें पुन्हां उभे केले, तेव्हां त्यांनीं दोघांच्याहि कुटुंबांची परवानगी घेतली व मोबदला दिला. कायद्यानें सांगितलें नसतांना त्यांनीं जें केलें, त्याविषयीं कुटुंबांची तक्रार ऐकूं आली नाहीं.

नवा कायदा होईपर्यंत आवाज देणाऱ्या कलावंताच्या हातांत उरतो तो करार. अमेरिकेंतील नटनट्यांच्या संघानें २०२३ सालीं ११८ दिवस संप केला, त्यांतल्या मोठ्या मागण्यांपैकीं एक हीच होती. यंत्रानें बनविलेल्या प्रतिकृतीसाठीं संमति व मोबदला हवा, हें अखेर करारांत आलें. मुंबईंतल्या कलावंतामागें तसा बलाढ्य संघ नसला, तरी कॉपीराइट कायद्यांत त्याच्या उपयोगाचीं कांहीं कलमें आहेत, आणि तीं फारशीं कोणाच्या वाचण्यांत येत नाहींत. २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणें, करार करतांना जें माध्यम अगर उपयोगाची जी रीत अस्तित्वांत नव्हती किंवा व्यापारांत नव्हती, तिच्यासाठीं ती स्पष्ट लिहिल्यावांचून हक्क दिला गेला असें समजत नाहींत; आणि हा नियम कलावंताच्या प्रयोगालाहि लागू केला आहे. तेव्हां २०१५ सालीं एका चित्रपटासाठीं मुद्रित केलेला आवाज आज यंत्राला शिकविण्यासाठीं वापरावयाचा, तर जुन्या कागदावर बोट ठेवणें कंपनीला सोपें जाऊं नये. करारांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची धरली जाते, आणि मुलूख लिहिला नसेल तर तो भारतापुरताच. नव्या करारांत मात्र 'आज ज्ञात असलेल्या व पुढें निघणाऱ्या सर्व साधनांसाठीं' अशी एक ओळ मधेंच दडलेली असण्याचा संभव आहे. ती सहीपूर्वीं शोधून काढावी. आवाजाचा नमुना कोणत्या कामासाठीं, किती दिवस, किती पैशांत दिला, आणि काम संपल्यावर तो यंत्रांतून पुसून टाकण्याची जबाबदारी कोणाची, हें तिच्याच शेजारीं लिहून घ्यावें.